वर्षावासातलं अपडेट

कॉम्प्युटरला अपडेट आलं की माझं डोकं फिरतं. मोताळ्याच्या एका शाळेच्या कार्यालयात मी लिपिक आहे, निम्मं आयुष्य त्या पडद्यासमोर गेलंय, त्यामुळे हे बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते. सकाळी येऊन बटण दाबावं तर पडद्यावर गोल गोल काहीतरी फिरत असतं, खाली 'बंद करू नका' अशी ताकीद असते, आणि खिडकीपाशी दाखल्यासाठी आलेले पालक माझ्याकडे असे बघत असतात जणू मीच ते फिरवतेय. बरं, सुरू झाल्यावर तरी सुख असावं? डाव्या कोपऱ्यातलं बटण मधोमध आलेलं. शाळेच्या सूचना मी वर्षानुवर्षं ज्या साध्यासुध्या ॲपमध्ये लिहायची, ते गायब. पाहुणीने चार दिवस राहून जाताना आपल्या स्वयंपाकघरातले डबे तिच्या सोयीने लावून जावेत, तसा हा प्रकार. मग हळद कुठे नि मीठ कुठे, आपल्याच घरात आपण शोधत बसायचं.

मी सांगतेय त्या वर्षीचं अपडेट तर फारच मोठं होतं. नोटपॅड बिचारं जन्मभर गरीब गायीसारखं होतं, लिहिलं तेवढं दाखवायचं. त्यालाही आता शहाणपण सुचलं होतं. जतन न करता बंद केलं तरी लिहिलेलं लक्षात ठेवायचं, आणि वर कोपऱ्यातून 'मी लिहून देऊ का' असं विचारायचं. चित्रं काढायच्या ॲपला फोटोमागची भिंत पुसता यायला लागली होती. माऊस चुकून कोपऱ्यात गेला की हवामान, सोन्याचा भाव आणि कुठल्या नटीचं लग्न मोडलं याची बातमी एकदमच उघडायची. एकदा नेमके मुख्याध्यापक मागे उभे असताना उघडली. जाताना ते फक्त "चालू द्या" म्हणाले. मला ते दिवसभर लागलं.

हेच अपडेट आमच्या घरच्या कॉम्प्युटरवरही येऊन बसलं. हा कॉम्प्युटर मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेला. ती पुढच्या शिक्षणाला नागपूरला गेली आणि तो बैठकीत ओढणीखाली झाकून राहिला. आमचं गाव मोताळ्यापासून जवळच आहे, मी रोज ये-जा करते. नवरा मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला. घरात दिवसभर सासूबाई एकट्या. त्यांना मी आई म्हणते.

आईंबद्दल सांगायचं तर आधी वर्षावासाबद्दल सांगायला हवं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वंदना होते, मग वाचणारा समोर आसनावर बसतो, ग्रंथ डेस्कवर ठेवतो आणि ठरलेली दोन-तीन पानं मोठ्याने वाचतो. बाकीचे सतरंजीवर बसून ऐकतात. शेवटच्या पौर्णिमेला समारोप, गावाला खीर. हे आसन आमच्या गावात कित्येक वर्षं आईंचं आहे. शिक्षण चौथीपर्यंतचं. लग्न होऊन आल्या तेव्हा दिवसा कपाशी वेचायच्या आणि संध्याकाळी विहारात मागे बसून ऐकायच्या. तेव्हा वाचायला एक गृहस्थ होते, ते वाचता वाचता स्वतःच्या पदरचं बरंच काही सांगायचे. घरच्या भानगडी, राजकारण, सगळं त्यात यायचं. एक दिवस आई मागून उठून म्हणाल्या होत्या, "भाऊ, ग्रंथ सांगाचा नसते, वाचाचा असते." गृहस्थ चिडले, म्हणाले, मग तूच वाच. आई गेल्या आणि वाचायला बसल्या. अडखळत वाचलं, पण त्यात आपला एक शब्द घातला नाही. तेव्हापासून गावात त्यांचं नाव कुणी घेत नाही, वाचणाऱ्या बाई म्हणतात. मलाही बाजारात कुणी ओळख करून दिली तर 'वाचणाऱ्या बाईची सून' अशीच करून देतात. पंधरा-वीस जणांचे पगार काढते मी, पण ते कुणी सांगत नाही.

तर त्या वर्षी आषाढ लागायच्या आधी आईंचे डोळे गेले. गेले म्हणजे पूर्ण नाही. आधी सुईत दोरा ओवेना, मग गॅसच्या पुस्तकावरचा आकडा दिसेना. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून बुलढाण्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब घालून, दिवा मारून बराच वेळ पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल, पण ज्याच्याकडे सरळ बघतील ते दिसणार नाही. अक्षर आणि माणसाचा चेहरा या दोन गोष्टी आता अवघड. चष्म्याने भागणार नाही. मी विचारलं, इंजेक्शन वगैरे? ते म्हणाले, या प्रकाराला नाही.

एसटीत खिडकीशी बसलेल्या आईंना मी ते सगळं सांगितलं. मोताळ्याला उतरताना म्हणाल्या, "विहारात कोणाले सांगाचं नाही. हा वर्षावास मी पुरा करीन. पौर्णिमेले समारोप माह्या तोंडानं होईन, मंग पाहू."

"अन् वाचान कसं?" मी विचारलं.

"ते तू पाय. एवढी कॉम्प्युटरवाली हायेस नं."

झालं. म्हणजे वर्षावास त्यांचा, परीक्षा माझी. राग आला मला. पण त्या रागाखाली भीतीही होती, कारण त्या आसनाशिवाय आई कशा दिसतील याची मला कल्पनाच करता येत नव्हती. सकाळी उठल्यापासून त्या संध्याकाळच्या पानांसाठी जगत. दुपारी एकदा वाचून ठेवत, कुठे थांबायचं ते बघून ठेवत. ते गेलं असतं तर चुलीपाशी नुसती एक म्हातारी उरली असती, आणि हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं.

मग मी ओढणी काढली आणि त्या नव्या अपडेटमध्ये काय काय आहे ते शोधायला बसले. आयुष्यात पहिल्यांदा 'नवीन काय आहे' या ठिकाणी स्वतःहून गेले.

आधी भिंग सापडलं. अक्षर हवं तेवढं मोठं करतं. आईंना खुर्चीत बसवलं, एक पान पडद्यावर घेतलं आणि वाढवत गेले. वाढवता वाढवता एक शब्द अख्खा पडदा भरून बसला. माऊस जरा हलला की शब्द पळायचा. आईंनी मान वाकडी केली, डोळे बारीक केले, आणि शेवटी डोळे मिटून घेतले. "झुल्यात बसल्यावानी होऊन राह्यलं. बंद कर." मग काळ्यावर पिवळी अक्षरं करून पाहिली. तेही नाही. मग बोललेलं लिहून घेणारी सोय सापडली. आई तिच्याशी बरंच बोलल्या, शेजारणीच्या कोंबड्यांबद्दलची तक्रारही सांगितली. तिने ती शुद्ध भाषेत लिहून घेतली. मी वाचून दाखवली तेव्हा आई म्हणाल्या, "लिहिते तं लिहू दे. मले वाचता कुठं येते आता?" मुद्दा बरोबर होता.

शेवटी ब्राउझरमध्ये 'मोठ्याने वाचा' असं एक बटण दिसलं. दाबलं, आणि बैठकीत एक बाई मराठी वाचायला लागली. एकही उच्चार इकडचा तिकडे नाही, वृत्तनिवेदिकेसारखी.

आई दचकल्या. "हे कोन?"

"मशीन हाय, आई."

त्यांनी थोडा वेळ ऐकलं. "पुन्याची दिसते. इले दम लागत नाही काय वं? मधात थांबतच नाही." मी वेग कमी केला. पुरुषाचाही आवाज होता, तो ऐकवला. तो त्यांना पटला नाही. "हा सरकारी मानूस वाटते. बाईच राहू दे."

मग आमची घडी बसली. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी त्या दिवशीच्या पानांचे मी मोबाईलने फोटो काढायची. फोनमधलं एक ॲप फोटोतली अक्षरं उचलून द्यायचं. ती कॉम्प्युटरवर आणायची, नोटपॅडमध्ये टाकायची, पानाशी ताडून बघायची, काना-मात्रा चुकला असेल तर सुधारायचा, आणि ब्राउझरमध्ये उघडून ठेवायची. कीबोर्डवरच्या ज्या बटणाने वाचन सुरू होतं आणि थांबतं, त्यावर मी मुलीची एक टिकली चिकटवली होती, आईंच्या बोटाला लागावी म्हणून. मी गेल्यावर त्या भाकरी खाऊन खुर्चीत बसत, टिकली दाबत आणि ऐकत. तीनदा, चारदा. मग मशीन बंद करून स्वतः म्हणून बघत. संध्याकाळी विहारात त्यांच्यापुढे ग्रंथ उघडा असे, बोट ओळीवरून फिरत असे, अंदाजाने पानही उलटत. आणि तोंडातून पानंच्या पानं येत, एक शब्द न चुकता. मी मागे बसून ऐकायची आणि माझ्या अंगावर काटा यायचा. आपल्याला तर स्वतःचा मोबाईल नंबर सांगताना अडायला होतं.

कुणाला शंका आली नाही. चालताना त्यांना काही अडचण नव्हती, रस्त्याची कड, दाराची चौकट, समोरची सतरंजी सगळं दिसत होतं. बायका भेटल्या की आई त्यांना आवाजावरून ओळखून बोलायच्या. एकच धास्ती होती. मागच्या गल्लीत बी.एड. झालेली एक सून नुकतीच आली होती. ती विहारात स्वतःची प्रत घेऊन यायची आणि आईंच्या वाचनाबरोबर मांडीवरच्या पानावरून नजर फिरवायची. चांगली मुलगी होती, ऐकायची आवड होती म्हणून आणायची. पण आईंना ती नको वाटे. "पुस्तक घेऊन बसते. परीक्षा घेतल्यावानी."

घरातही सगळं काही गोडीगुलाबीने चाललं होतं असं नाही. दुपारभर ती बाई वाचतेय म्हणून सुट्टीच्या दिवशी नवरा कुरकुर करायचा. आईंचं आणि तिचं भांडणही व्हायचं. ती एखाद्या नावावर चुकीचा जोर द्यायची, आणि आई पडद्याकडे हात करून तिला झापायच्या. मी घरी आले की पहिली तक्रार तिचीच. एका रविवारी मला बाहेर जायचं होतं, पानंही लांबलचक होती. अपडेटने ब्राउझरच्या कडेला आणखी एक बटण आणून ठेवलं होतं, ते लांब मजकुराचा सारांश करून द्यायचं. म्हटलं, निदान आशय तरी कळेल. दाबलं. पाच मुद्दे आले. बाईने ते पाचही मुद्दे खणखणीत वाचले.

आईंनी विचारलं, "झालं?"

"झालं. थोडक्यात हाय."

"हे तं मले ठाऊकच हाय," त्या म्हणाल्या. "अन् लोकायलेबी ठाऊक हाय. ठाऊक नाही म्हणून येतेत काय ते? पुरं लाव." मी बाहेर जाणं रद्द केलं आणि पुरं लावलं.

भाद्रपदात पुन्हा एक अपडेट आलं. या वेळी फोटो बघायच्या ॲपमध्येच अक्षरं उचलायची सोय दिली होती. फोनमधून इकडे, इकडून तिकडे ही यातायात नको. फोटो उघडा, एक बटण दाबा, सगळा मजकूर हजर. त्या दिवशी शाळेत तपासणी होती, मला लवकर निघायचं होतं. मी नवी सोय वापरली. झटकन काम झालं. सुरुवातीच्या ओळी ताडून पाहिल्या, एक काना चुकलेला नव्हता. उलट कौतुकच वाटलं, म्हटलं चला, एकदा तरी या लोकांनी कामाचं काही दिलं. टिकलीवर बोट ठेवून आवाज येतोय ना बघितलं आणि निघाले.

संध्याकाळी मी थेट विहारातच गेले. वंदना झाली होती. आई आसनावर बसल्या, पांढरा पदर सारखा केला, ग्रंथ उघडला. मी मागे भिंतीला टेकून बसले. दिवसभराच्या तपासणीने डोकं चढलं होतं आणि आईंचा आवाज ऐकून बरं वाटत होतं. भिक्षूंचा एक समूह गावात येतो, जेवण होतं, असा काहीसा प्रसंग होता. आई वाचत होत्या, "मग ते सगळेजण आपापली पात्रं घेऊन, खंड चौथा, एकशे अठ्ठ्याऐंशी, नदीकडे..."

आणि थांबल्या.

फोनमधलं जुनं ॲप पानाच्या तळाशी छापलेला खंड आणि पानाचा आकडा आपणहून गाळायचं. नव्या सोयीने ते सगळं उचललं होतं. वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं होतं, आणि त्या दोन पानांच्या मध्ये हा मजकूर. मशीनमधल्या बाईने तो त्याच सुरात वाचला असणार, आणि ग्रंथातलं काही गाळायचं नाही या जन्माच्या सवयीने आईंनी तो तसाच्या तसा पाठ केला होता. डोळ्याने वाचणारा माणूस हे कधीच मोठ्याने वाचत नाही. डोळा तेवढं ओलांडून जातो.

पुढच्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बी.एड.वाल्या मुलीने मांडीवरच्या पुस्तकातून मान वर केली, आईंच्या पुढ्यातल्या ग्रंथाकडे पाहिलं आणि पटकन खाली घातली. तिच्या जागेवरून तिला दिसलं असावं. तिथे कुठलं तरी भलतंच पान उघडं होतं.

मला वाटलं, आई, पुढे म्हणा. एक खोकला काढा आणि पुढे म्हणा, कुणी काही बोलणार नाही. त्यांना पुढचं सगळं पाठ होतं. पण आईंनी ग्रंथ मिटला. त्यावर दोन्ही हात ठेवले.

"मले दिसत नाही," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, वाचताना असतो तसा. "आखाडीपासूनच दिसत नाही. मी वाचून नाही राह्यली. दुपारी मशीनवर ऐकते अन् इथं येऊन सांगते. ग्रंथ सांगाचा नसते, वाचाचा असते, हे मीच बोलली होती. तवा उद्यापासून मी इथं बसनार नाही."

विहार मंडळाचे अध्यक्ष पुढे बसले होते. रिटायर्ड मास्तर, शांत माणूस. ते म्हणाले, "बाई, चुकलं तर काहीच नाही. पाठ म्हणणं काही खोटं नाही." दोन-चार जणींनी हाव हाव करत माना डोलावल्या. एकीने डोळ्याला पदर लावला. आईंनी नाही म्हणून मान हलवली. मग अध्यक्षांनी अवघडून विचारलं, "मग आता उरलेले दिवस?" आणि सगळ्यांच्या नजरा आपसूक त्या मुलीकडे वळल्या. ती बिचारी लाल झाली.

"माही सून वाचते उद्यापासून," आई म्हणाल्या.

मला विचारलं नव्हतं, माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. मी मागे बसलेय हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं कोण जाणे. शेवटचं साधू साधू साधू म्हणून झालं, सगळे उठले, आणि बायका माझ्याकडे बघून हसायला लागल्या.

घरी जाताना मी रस्ताभर भांडले. शाळा, घर, डबे, आणि वर आता हे. मला विचारायचं तरी. मी काय वाचणारी आहे? माझा आवाज चार माणसांत फुटत नाही. ती मुलगी बी.एड. आहे, हौस आहे, तिला का नाही? आई कडेकडेने चालत होत्या.

"एवढे दिवस ते पानं कोन वाचून राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"मशीन."

"मशीनमंदी कोन टाके? काना-मात्रा कोन पाहे? रोज सकाळी चहा थंडा करून तूच तं वाचे. मले वाटे, आता म्हनन, आई, मीच वाचून दाखोते. पण तू काही म्हने नाही. तू मशीनच आनत गेली."

खरं तर असलं काही माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डोक्यात आलं असतं तरी थकून आल्यावर मी वाचलं असतं का, सांगता येत नाही. मी एवढंच म्हटलं, "तुमी काऊन नाही सांगितलं?"

"तू थकून येते. मशीन थकत नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर कॉम्प्युटरवर ओढणी टाकलेली होती. आई चटईवर बसल्या होत्या, पुढ्यात ग्रंथ. "वाच." मी वाचलं. अर्धं पान झालं नाही तर हात वर. "त्या बाईवानी वाचू नको. दम घे. ऐकनाऱ्यालेबी दम घेऊ दे." पुन्हा वाचलं. पुन्हा हात वर. विहाराची वेळ होईपर्यंत त्यांनी मला त्या दोन-तीन पानांवर इतकं पिळलं की शाळेतली तपासणी बरी वाटली. कुठे थांबायचं, कुठे मान वर करायची, नाव आलं की कसं उच्चारायचं. मी म्हटलं, "आई, तुमी समोरच बसजा बरं. मले भेव लागून राह्यलं." त्या हाव म्हणाल्या.

विहारात त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. बघायला आली असणार. आसनावर बसल्यावर कळलं की तिथून सगळे चेहरे एकदम अंगावर येतात. आई ठरल्याप्रमाणे अगदी समोर, पहिल्या सतरंजीवर. मी ग्रंथ उघडला, घसा साफ केला आणि आधारासाठी त्यांच्याकडे पाहिलं.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. तोंड डावीकडे, खिडकीच्या बाजूच्या भिंतीकडे. तिथे काही नव्हतं, रंग उडालेली भिंत आणि बंद पंख्याचं बटण. मी पहिली ओळ वाचली. वाटलं, आवाज ऐकून वळतील. नाहीत वळल्या. मी वाचत राहिले, जिथे त्यांनी सांगितलं होतं तिथे थांबले, मान वर केली, तर तोंड तिकडेच. मग मात्र मला संताप आला. चारचौघांत न विचारता मला ढकललं, विहाराची वेळ होईपर्यंत पिळलं, आणि आता समोर बसून भिंत बघतायत. स्वतःचं आसन गेलं त्याचं दुःख असेल, समजू शकते मी, पण त्यासाठी माझ्याकडे पाठ फिरवायची? रागाच्या भरात आवाज मोठा झाला. त्यामुळे अडखळले मात्र नाही. शेजारच्या बाईने आईंना कोपराने हळूच खुणावलं, इकडे बघा म्हणून. आईंनी तिचा हात बाजूला केला आणि भिंतीकडेच बघत राहिल्या. मी शेवटची ओळ वाचली, ग्रंथ मिटला. साधू साधू साधू. अध्यक्ष म्हणाले, छान झालं. बी.एड.वाल्या मुलीने येऊन माझा हात दाबला. आई दाराशी चपला पायाने चाचपत होत्या.

रस्त्याला लागल्यावर मी धरून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. "एवढं सांगितलं होतं मी तुमाले समोर बसा म्हणून. बसले. अन् सारा वेळ भिताडाकडं तोंड! माह्याकडं एकडाव तरी पाहाचं होतं."

आई थांबल्या. त्यांना माझ्या रागाचं आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं.

"आधी पाह्यलं नं," त्या म्हणाल्या. "सरळ पाह्यलं तं तुह्या जागी नुसता डाग दिसे. मंग मी तोंड फिरोलं. भिताडाकडं पाह्यलं तवा कडंनं तू दिसली. ग्रंथबी दिसला, तुहे हातबी दिसले. म्हणून मंग मी तिकडंच पाहत राह्यली, शेवटलोक."